टेबलावर मावणारी माथेरानची गाडी

नेरळहून माथेरानला जाणाऱ्या छोट्या गाडीत आपल्यापैकी बरेच जण बसले असतील. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज ही स्टेशने मुलांना पाठ असतात. पण ही गाडी आणली कोणी, हे आपल्या घरातल्या किती मुलांना सांगता येईल?

मुंबईचे दाऊदी बोहरा उद्योजक सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने हा मार्ग बांधला. ध्यास घेतला तो चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी आणि पैसा उभा केला वडिलांनी. १९०४ मध्ये काम सुरू झाले, १९०७ मध्ये गाडी धावली. खर्च आला सुमारे १६ लाख रुपये.

या मार्गासाठी जर्मनीच्या ऑरेनस्टाइन अँड कोपेल कारखान्यातून वाफेची चार इंजिने आली. रूळांतले अंतर फक्त दोन फूट, काही ठिकाणी चढ वीस फुटांना एक फूट आणि सर्वांत तीव्र वळणाची त्रिज्या अवघी ६० फूट. एवढ्या वळणावर सहा चाकांचे साधे इंजिन अडकलेच असते. म्हणून पुढचा आणि मागचा आस दुहेरी केला होता. आतला भरीव आस सरळ राहतो, त्यावरची पोकळ नळी चाकांसह वळणाकडे थोडी फिरते. या रचनेला क्लीन-लिंडनर म्हणतात.

पुढे डिझेल इंजिने आली आणि ही इंजिने निवृत्त झाली. त्यातले एक आजही नेरळला उभे आहे. मुलांना तिथे नेऊन मोजपट्टी हाती द्यावी, असे आम्हाला वाटते. कारण प्रमाणबद्ध मॉडेल बनवताना इतिहास आणि गणित दोन्ही हाताला लागतात.

हिशोब सोपा आहे. छोट्या गाड्यांचे शौकीन बहुधा एका फुटाला १६ मिलिमीटर धरतात, म्हणजे मूळच्या एकोणिसाव्या भागाएवढे मॉडेल. दोन फुटांचा रूळ ३२ मिलिमीटर होतो. ६० फुटांचे वळण ९६ सेंटिमीटरचे होते. नेरळ ते माथेरान हा सुमारे २१ किलोमीटरचा पूर्ण मार्ग याच मापात करायचा तर १.१ किलोमीटर रूळ लागतील!

जागा कमी असेल तर एका फुटाला ४ मिलिमीटर धरावे. तेव्हा रूळ खरे तर ८ मिलिमीटरचा हवा, पण तयार मिळतो तो ९ मिलिमीटरचा. एका मिलिमीटरची ही तडजोड जगभरचे छंदिष्ट आनंदाने करतात.

पहिल्या प्रयत्नाला विकतचे सामान नकोच. जाड पुठ्ठा, बॉयलरसाठी कागदी नळी, चाकांना बाटलीची झाकणे एवढे पुरे. झाकणे मापात बसतील अशी निवडावीत आणि पुढच्या-मागच्या आसाला थोडी मोकळीक ठेवावी. मग मॉडेल वळणावर ढकलून पाहावे. क्लीन-लिंडनरची युक्ती पुस्तकाशिवाय समजते.

शेवटी खाली एक पाटी लावावी. इंजिनाचे नाव आपण लिहितोच, बांधणाऱ्यांचे विसरतो. पाटीवर पीरभॉय हे नाव आणि १९०७ हे साल असावे. घरी येणारा पाहुणा ते वाचून विचारील, आणि उत्तर आपल्या मुलाने द्यावे.