गोठलेल्या तळ्यांतील मासे

इंग्लंडमध्यें ज्याच्या घरामागें चार हात बाग असते, त्याला त्या बागेंत एखादें लहानसें तळें असावें असें पुष्कळदां वाटतें. तळें म्हणजे तरी काय, आपल्याकडील वाड्यांतील हौदाएवढेंच तें. परंतु त्यांत कमळाचे चार कंद लावले आणि पांचसहा सोनेरी मासे सोडले म्हणजे गृहस्थाची संध्याकाळ सुखांत जाते. उन्हाळाभर हा संसार निर्वेध चालतो. पुढें डिसेंबर-जानेवारींत एके दिवशीं सकाळीं खिडकी उघडून पाहावें, तों तळ्याच्या जागीं करड्या रंगाची कांच बसविल्यासारखी दिसते. मासे दृष्टीस पडत नाहींत. मुलें रडकुंडीस येतात, आणि घरांतील कर्ता पुरुष हातोडा घेऊन बाहेर पडतो. माशांवरील संकटाचा आरंभ कित्येकदां येथेंच होतो.

नोकरीधंद्याच्या निमित्तानें तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबासहि घराबरोबर असें तळें मिळालें, तर पुण्या-नाशकाकडे वाढलेल्या माणसाची अधिकच तारांबळ उडते. कारण दारचें पाणी दगडासारखें होतें हेंच त्यानें पूर्वीं पाहिलेलें नसतें. तेव्हां प्रथम हें पाणी गोठतें कसें, तें ध्यानांत घ्यावें.

बहुतेक पदार्थ थंड होतांना आकुंचन पावतात व जड होतात. पाणीहि तसेंच वागतें, पण तें फक्त सेल्सिअस मापनाच्या ४ अंशांपर्यंत. त्याहून थंड होऊं लागलें कीं तें उलट प्रसरण पावून हलकें होतें, आणि बर्फ बनतांना तर त्याचें आकारमान सुमारें नऊ टक्क्यांनीं वाढतें. म्हणून कडाक्याच्या थंडींत ४ अंशांच्या आसपासचें जड पाणी तळाशीं बसतें, त्याहून थंड पाणी वर राहतें, आणि गोठावयाचें तें वरूनच गोठूं लागतें. एकदां बर्फाचा थर जमला म्हणजे तोच खालच्या पाण्याला गोधडीसारखा होतो. तळ पुरेसा खोल असेल तर त्या गोधडीखालीं मासे सुरक्षित असतात.

मासा हा शीतरक्ताचा प्राणी. भोंवतालचें पाणी जितकें थंड तितकें त्याचें शरीर थंड, आणि शरीर जितकें थंड तितका त्याचा जीवनव्यापार मंद. पाणी १० अंशांखालीं गेलें कीं सोनेरी माशाची भूक मावळते व पचनहि अगदीं मंदावतें. तो तळाशीं जाऊन कल्ले हळूहळू हालवीत पडून राहतो, आणि अंगीं सांठविलेल्या चरबीवर हिंवाळा काढतो. म्हणून या दिवसांत त्याला खावयास घालणें ही दया नव्हे. मध्येंच एखाद्या दुपारीं ऊन पडतें, मासे वर येऊन तोंडें उघडूं लागतात, आणि आजीबाईंच्या हातून चार दाणे पडतातच. दारीं आलेल्याला उपाशीं पाठवूं नये हें आपल्याकडील बाळकडू. येथें मात्र तें बाधतें. रात्रीं पुन्हां थंडी पडते, पोटांतलें अन्न पचत नाहीं, आणि उरलेलें तळाशीं कुजून पाणी नासवितें. पानें गळूं लागण्याच्या सुमारास, पाणी १० ते १५ अंशांच्या दरम्यान असतांना, गव्हाच्या अंकुरापासून केलेलें हलकें खाद्य बेताबेतानें द्यावें. पुढें वसंतापर्यंत हात आवरावा.

मग मासे मरतात ते कशानें? पुरेशा खोल तळ्यांत ते थंडीनें क्वचित् मरतात. बहुधा मरतात ते गुदमरून. तळाशीं सांचलेलीं पानें व गाळ सारखा कुजत असतो. त्या क्रियेला प्राणवायु लागतो, आणि तो संपत आला कीं सडक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड नांवाचा विषारी वायु निर्माण होऊं लागतो. एरवीं हे वायु वर निघून जातात व हवेंतील प्राणवायु पाण्यांत मिसळतो. बर्फाचें झांकण बसलें कीं दोन्ही वाटा बंद होतात. तरीहि एक वाट उघडी राहते, ती प्रकाशाची. आपण मराठींत गोठलेल्या पाण्यालाहि बर्फ म्हणतों आणि आकाशांतून भुरभुरणाऱ्या हिमालाहि बर्फच म्हणतों. पण तळ्याच्या मालकाला हा भेद ओळखावाच लागतो. स्वच्छ बर्फांतून ऊन खालीं पोंचतें, आणि शेवाळ व पाणवनस्पति त्या तुटपुंज्या उजेडांतहि थोडा प्राणवायु तयार करतात. त्यावर हिमाचा जाड थर पडला म्हणजे तळ्यांत अंधार होतो, आणि हा अखेरचा पुरवठाहि तुटतो. असें आवरण कित्येक दिवस तसेंच राहिलें आणि तळाशीं पानांचा चिखल असला, तर बर्फ वितळल्यावर मेलेले मासे तरंगतांना दिसतात.

या संकटाकरितां सोनेरी माशाला निसर्गानें एक विलक्षण देणगी दिली आहे. प्राणवायु न मिळाल्यास बहुतेक पृष्ठवंशी प्राण्यांच्या शरीरांत दुग्धाम्ल सांचत जातें व तें घातक ठरतें. सोनेरी मासा आणि युरोपांतील क्रूशन कार्प हा त्याचा भाऊबंद हे दोघे त्या अम्लाची परिणति मद्यार्कांत करतात आणि तो मद्यार्क कल्ल्यांवाटे पाण्यांत सोडून देतात! सोनेरी माशाचें हें गुपित १९८० मध्यें प्रसिद्ध झालें, आणि २०१७ मध्यें ऑस्लो व लिव्हरपूल येथील शास्त्रज्ञांनीं त्यामागील रासायनिक यंत्रणा उलगडून दाखविली. बर्फाखालच्या क्रूशन कार्पच्या दर १०० मिलिलिटर रक्तांत ५० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असूं शकतो. तितक्या मद्यानें युरोपांतील कित्येक देशांत माणसास मोटार चालविण्याची बंदी आहे. परंतु या देणगीच्या भरंवशावर राहूं नये. अंगांतील साखरेचा सांठा संपेपर्यंतच ती पुरते, आणि जपानी कोइ माशांना तर ती लाभलेलीच नाहीं.

आतां हातोड्याविषयीं. बर्फावर घाव घातला म्हणजे त्याचा हादरा पाण्यांतून माशांपर्यंत पोंचतो. त्यांच्या पोटांतील हवेच्या पिशवीला व अंगाच्या बाजूस असलेल्या संवेदनेच्या रेषेला तो फार जाणवतो, आणि निपचित पडलेला मासा घाबरून उगाच शक्ति खर्च करतो. बर्फावर उकळतें पाणी ओतणें हेंहि तितकेंच वाईट. भोंक पाडावयाचेंच असल्यास गरम पाण्याचें पातेलें बर्फावर ठेवावें व तें हळूहळू बर्फ वितळवून खालीं उतरेल तसें होऊं द्यावें. मात्र त्याला दोरी बांधावी, नाहीं तर पातेलेंहि माशांकडे जातें. आदल्या रात्रीं पाण्यावर रबरी चेंडू सोडून ठेवला तर सकाळीं तो काढून आयतें भोंक मिळतें. विजेवर चालणारे लहान तरंगते तापकहि मिळतात; ते सारें तळें तापवीत नाहींत, फक्त एक झरोका उघडा ठेवतात, आणि तेवढेंच अपेक्षित असतें.

या झरोक्यावर फार विसंबूं नये. २०१० च्या सुमारास ब्रिटनमधील पॉन्ड कॉन्झर्व्हेशन या संस्थेनें बागांतील गोठलेल्या तळ्यांची पाहणी केली, तेव्हां नुसतें भोंक पाडल्यानें खालच्या पाण्यांतील प्राणवायूंत म्हणण्यासारखा फरक पडत नाहीं असें दिसून आलें. मासे दाट असतील तर विषारी वायु निघून जाण्यास भोंकाचा उपयोग होतो. पण हातोड्यापेक्षां खराटा कधींहि बरा. कांठावरूनच हिम झाडून काढावें. बर्फावर पाय देऊं नये, मुलांना तर मुळींच देऊं देऊं नये. आणि पायवाटेवरील बर्फ वितळविण्यासाठीं टाकलेलें मीठ तळ्यांत वाहून जाणार नाहीं एवढी खबरदारी घ्यावी.

हवा सोडणारा पंप असल्यास त्याची नळी तळाशीं ठेवूं नये, पृष्ठभागाजवळ ठेवावी. तळाचें ४ अंशांचें पाणी ढवळून वर आलें कीं सारेंच तळें गारठतें, आणि माशांनीं जिथें आश्रय घेतला तिथेंच थंडी पोंचते.

खरी तयारी हिंवाळ्यापूर्वींची. पानगळीच्या दिवसांत तळ्यावर जाळी ताणावी, कुजकीं पानें काढावीं आणि तळें कमींत कमी दोन फूट तरी खोल असल्याची खात्री करून घ्यावी. कोइसाठीं याच्या दुप्पट खोली लागते. जपानांत कोइ माशांचें माहेरघर असलेल्या निइगाता प्रांतांत तर पालक आपले निवडक मासे ऑक्टोबर-नोव्हेंबरांतच डोंगरांतील मातीच्या तळ्यांतून काढून आच्छादित हौदांत आणून ठेवतात. इंग्लंडांत इतका कडक हिंवाळा दरवर्षीं येत नाहीं, हें खरें. पण १९६२ च्या नाताळच्या वेळीं सुरू झालेली गोठण १९६३ च्या मार्चपर्यंत टिकली, आणि त्या जानेवारींत मध्य इंग्लंडचें सरासरी तपमान शून्याखालीं २.१ अंश होतें. अशा वर्षीं हातभर खोल हौद तळापर्यंत गोठूं शकतो, आणि मग पातेलें, चेंडू, खराटा, कशाचाहि इलाज चालत नाहीं.

बर्फ वितळल्यावर मासे वर येतात ते रोडावलेले असतात. लगेच मूठभर खाद्य टाकण्याचा मोह होतो. परंतु पाणी सलग कांहीं दिवस १० अंशांवर राहीपर्यंत थांबावें, आणि मग पहिला घास तेंच हलकें, गव्हाच्या अंकुराचें खाद्य, चिमूटभर द्यावें.