क्रिओलच्या देशातलं मराठी नाटक

वाक्वा (मॉरिशस) : या बेटावर वर्तमानपत्र फ्रेंचमध्ये वाचायचं, सरकारी अर्ज इंग्रजीत भरायचा, आणि घरात, बाजारात, भांडणात बोलायची ती क्रिओल. पूर्वजांची भाषा पूजेपुरती आणि शाळेच्या तासापुरती. सरकारचं सांस्कृतिक खातं भाषावार नाट्यमहोत्सव भरवतं, त्यात मराठीचाही असतो. राज्य नाट्य स्पर्धेच्या तारखांवर डोळा ठेवून असणाऱ्या छत्रपती संभाजीनगरातल्या पुंडलिकनगरच्या मित्रांना याचं नक्की अप्रूप वाटेल. कारण इथे रंगमंचावर उभी असतात ती १८३४ नंतर उसाच्या मळ्यांत करारावर आलेल्या कोकण-साताऱ्याकडच्या मजुरांची नातवंडं-पतवंडं.

परवा एका मंडळाच्या तालमीला बसलो होतो. सासूची भूमिका करणारी मुलगी 'शेजारी'चा उच्चार 'सेजारी' करत होती. क्रिओलमध्ये 'श' नाहीच. तालीम घेणाऱ्या मास्तरांनी तेवढं एकच वाक्य पुन्हा पुन्हा घोटून घेतलं. उच्चार सुधारला, पण हात मांडीला चिकटले, नजर समोरच्या भिंतीवर खिळली. चहाच्या सुट्टीत तीच मुलगी मैत्रिणीला क्रिओलमध्ये घरातलं काही सांगू लागली. भुवया, खांदे, बोटं, सगळं बोलत होतं. खरी नटी मला तिथे दिसली.

नाटक शुद्ध भाषेत करायचं की रोजच्या बोलीत, हा प्रश्न या देशाच्या नाटकानं एकदा सोडवलेला आहे. नाटककार देव विरासामी यांनी नाटकासाठी क्रिओल निवडली, तेव्हा तिला भाषा म्हणायलाही पुष्कळांची तयारी नव्हती. त्यांच्या 'ली' नाटकाला इथे प्रयोगाची परवानगी नाकारली गेली. त्याच नाटकाला १९८१मध्ये रेडिओ फ्रान्स इंटरनॅशनलचं पारितोषिक मिळालं. १९९१च्या 'तुफान'मध्ये त्यांनी शेक्सपिअरचं 'टेम्पेस्ट' उलटंपालटं केलं. मूळ नाटकात राक्षसासारखा रंगवलेला कॅलिबन इथे मिश्र वंशाचा, यंत्रं हाताळणारा हुशार तरुण आहे आणि राजकन्या त्याचीच निवड करते. शाळेत क्रिओल ऐच्छिक विषय म्हणून आली ती २०१२मध्ये. रंगमंच तीस वर्षांहून अधिक पुढे होता.

आपल्याला हे नवं नाही. लक्ष्मण देशपांडे यांनी आपल्याच छत्रपती संभाजीनगरात राहून, विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवत, 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मधली बावन्न माणसं एकट्यानं उभी केली, तीही मराठवाड्याच्या बोलीत. बोली गाळून ते वऱ्हाड गावाच्या वेशीबाहेरही पडलं नसतं.

मी हे मास्तरांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "या मुलांच्या तोंडी सलग, पूर्ण मराठी वाक्य येतं ते इथेच. तेही मोडकं चालवून घेतलं तर उरेल काय?" त्यांची भीती खरी आहे आणि तिच्यापोटी ते नोकरी सांभाळून रात्री-रात्री राबतात. तरीही मला वाटतं, आजीनं जुनं कोकणी वळणाचं मराठी बोलावं, नातीनं क्रिओलमध्ये उत्तर द्यावं आणि दोघींचं भांडण रंगावं, अशी एकांकिका इथे लिहिली गेली पाहिजे. गणपतीत झाकरी हा इथला मराठी लोकगीत-नाच घुमतो तेव्हा कुणी व्याकरण तपासत नाही, आणि झाकरी अजून टिकून आहे.

तिकडच्या लेखकांना एक विनंती. इथल्या मंडळांना संहिता पाठवाल तेव्हा पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यातल्याच पाठवू नका. जालना, बीड, परभणीच्या बोलीतल्याही पाठवा आणि संवाद आपल्या तोंडात बसतील तसे बदलून घ्यायची लेखी परवानगी सोबत जोडा.