पोहता येत नसताना कुंडलिकेच्या पाण्यावर

बारावीचा शेवटचा पेपर संपला त्याच संध्याकाळी मुलीने विषय काढला. तिच्या कॉलेजातल्या चार मैत्रिणी कोलाडला जाऊन राफ्टिंग करून आल्या होत्या. राफ्टिंग म्हणजे हवा भरलेल्या रबरी होडीत बसून, वल्हे मारीत, नदीच्या खळाळत्या पाण्यातून खाली येणे. "पप्पा, सुट्टीत आपण गावी जातोच. कोलाड वाटेवरच आहे." मी एका शब्दात नाही म्हणालो. तिने कारण विचारले, ते मी सांगितले नाही.

कारण होते. काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतला एकोणीस वर्षांचा मुलगा मित्रांबरोबर पावसाळी सहलीला गेला आणि धबधब्याखालच्या डोहात बुडाला. मी मंडळाचा कार्यकर्ता. पंचनामा, पोस्टमॉर्टेम, गाडीची व्यवस्था, सगळे माझ्याकडे आले. पहाटे तीनला आम्ही त्याला चाळीत आणले. त्याची आई एकच विचारीत होती, "त्याला पोहता येत नव्हतं, मग तो पाण्यात उतरलाच कशाला?" त्या दिवसापासून मंडळाच्या सहलींतून नदी, समुद्र, धबधबा मी काढून टाकला. लेणी, किल्ला, बाग, एवढेच ठेवले. पोरे मला मागून हसतात, हे मला ठाऊक आहे.

पोहता मलाही येत नाही. माझ्या वडिलांनाही येत नाही. माणगाव तालुक्यातल्या आमच्या गावी त्यांच्या लहानपणी पोरे पाठीला पांगाऱ्याचा ओंडका नाहीतर कमरेला वाळका भोपळा बांधून विहिरीत उड्या मारीत आणि आठ-पंधरा दिवसांत पोहायला शिकत. आमच्या वस्तीतल्या पोरांना मात्र विहिरीच्या काठावर चढायची बंदी होती. बायाबापड्या घागर घेऊन लांब उभ्या राहत; कोणाला दया आली तर वरून पाणी ओतले जाई. ज्याला विहिरीचे पाणी ओंजळीत घेता येत नव्हते, तो त्यात पोहायला कुठून शिकणार? नदीवर आमचा पाणवठा सर्वांच्या खाली, तेथे गुडघाभर पाणी. पुढे विहीर खुली झाली. पण आम्हाला शिकवायला घरात कोणी पोहणारा नव्हता. मी तर मुंबईच्या चाळीत वाढलो. तलावाची फी भरण्याइतके पैसे वडिलांच्या पगारातून कधी उरले नाहीत. वाचकहो, आपल्या घरात मागच्या तीन पिढ्यांत पोहता येणारे कितीजण झाले, हे एकदा मोजून पाहा. मी आमच्या भावकीत मोजले. दोन निघाले, त्यातला एक लष्करात होता.

पत्नीने दोन दिवस माझे ऐकून घेतले. मग म्हणाली, "ती आज तुम्हाला विचारतेय. उद्या न विचारता मैत्रिणींबरोबर जाईल. तेव्हा काय कराल?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

मग कारकुनाच्या सवयीने कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि तीन ठिकाणी फोन केले. २०२१ साली राज्य शासनाने साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे. त्यानुसार असा व्यवसाय करणाऱ्याने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. म्हणून पहिला प्रश्न नोंदणीचा. एकाने "साहेब, तुम्ही या तर खरं" एवढेच उत्तर दिले; त्याच्या नावावर फुली मारली. दुसरा प्रश्न होता, पोहता न येणाऱ्याला घेता का. तिसरा, कोणी पाण्यात पडला तर काढायला काय व्यवस्था. आणि चौथा, बारा वर्षांच्या मुलाला घ्याल का. दुसऱ्याने "घेऊ की, त्यात काय" म्हटले. तिसऱ्याने चौदा वर्षांखालचा मूल घेणार नाही असे स्पष्ट सांगितले. त्याच्याकडेच पैसे भरले. गिऱ्हाईक परत पाठवणारा माणूस बरा, असे मला वाटले. खर्च माणशी हजाराच्या वर गेला. आमच्यासारख्यांना तो मोठाच आहे. दिवाळीच्या कपड्यांतून वळता करायचे ठरले.

आम्ही मे महिन्यात गावी गेलो. निवृत्तीनंतर वडील तिथेच राहतात. एके दिवशी पहाटेच्या एस.टी.ने मुंबई-गोवा रस्त्यावर कोलाडला उतरलो आणि तिथून जीपने आत भिऱ्याच्या दिशेला गेलो. लवकर पोहोचायचे कारण असे, की इथे नदीचे वेळापत्रक वीजघरावर चालते.

ही गोष्ट मला माहीत नव्हती. मे महिन्यात कोकणातल्या नद्या म्हणजे दगडगोटे आणि मध्ये कुठेतरी डबकी. कुंडलिका मात्र भर उन्हाळ्यात दुथडी वाहते. पाणी तिचे नाहीच. ते आहे सह्याद्रीच्या पलीकडचे, पुणे जिल्ह्यातल्या मुळा नदीचे. मुळशीला धरण बांधून मुळेचे पाणी अडवले, डोंगर पोखरून ते कोकणाकडे वळवले आणि सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरावर सोडले. तिथे टाटांची जनित्रे फिरतात. तेच पाणी पुढे रवाळजे येथे पुन्हा एकदा वीज करते आणि मग कुंडलिकेत येते. खाली ते शेतीला आणि रोह्याच्या कारखान्यांना जाते, उरलेले रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळते. निसर्गाच्या हिशेबाने हे पाणी मुळा-मुठेतून भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला जायचे. माणसाने त्याला उलट्या दिशेला पाठवले. सकाळी वीजनिर्मिती झाली की नदी फुगते, आणि तेवढ्या वेळात होड्या सोडतात. ज्या दिवशी पाणी नाही, त्या दिवशी राफ्टिंग नाही.

या पाण्याखाली घरेही गेली आहेत. धरणाविरुद्ध १९२१ साली मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. मावळ्यांची शेते आणि गावे गेली, धरण झाले. भिऱ्याची वीज १९२७ साली सुरू झाली. हे साल वाचून मी थबकलो. त्याच १९२७ च्या मार्चमध्ये, त्याच तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, महाडला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले. एका टोकाला डोंगर फोडून नदीची नदी वळवली जात होती, आणि त्याच जिल्ह्यात हजारो माणसांना ओंजळभर पाण्यासाठी मोर्चा काढावा लागत होता. शाळेत मला ही दोन्ही प्रकरणे वेगवेगळ्या धड्यांत शिकवली होती.

असो. नदीकाठी आधी एक फॉर्म पुढे आला. अपघात झाल्यास जबाबदारी माझी, अशा अर्थाचा. आजूबाजूची मंडळी न वाचता सह्या करीत होती. मी सगळा वाचला, दोन ठिकाणी शंका विचारल्या, तेव्हा मुलगी लाजेने दुसरीकडे पाहू लागली. मग लाइफ जॅकेट आणि हेल्मेट. जॅकेटचे पट्टे गाईडने स्वतः आवळले आणि खांद्याच्या पट्ट्यांना धरून मला वर उचलून पाहिले. जॅकेट वर सरकून हनुवटीला लागले तर ते सैल आहे, असे तो म्हणाला. पुन्हा आवळले. पांगाऱ्याच्या ओंडक्याचीच ही पुढची आवृत्ती, असे माझ्या मनात आले.

गाईड मुलगा पंचविशीचा, त्याच भागातला. त्याने अर्धा तास काठावरच शिकवणी घेतली. वल्ह्याच्या वरच्या टोकाला आडवी मूठ असते, तिच्यावरचा हात कधीही सोडायचा नाही. धक्का बसला की ती मूठ शेजाऱ्याच्या दातावर बसते. पाय होडीच्या आडव्या फुगवट्याखाली अडकवून बसायचे. तो "फॉरवर्ड" म्हणाला की सगळ्यांनी मिळून पुढे वल्हे मारायचे, "स्टॉप" म्हटले की थांबायचे, "डाऊन" म्हटले की होडीच्या तळाशी बसायचे. मग तो मुख्य मुद्द्यावर आला. पडलात तर उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेला, पंजे पाण्याच्या वर. खडक आला तर पायाने ढकला. आणि वाहत्या पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न करू नका.

"का?" मी विचारले.

"काका, पाऊल दगडांच्या फटीत अडकतं. वरून पाणी माणसाला वाकवतं. मग कंबरेएवढ्या पाण्यात पण माणूस जातो."

आमच्या वस्तीतल्या मुलाचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला. तो कसा गेला हे कोणी पाहिले नव्हते. पण काढणाऱ्यांनी सांगितले होते की कडेला पाणी छातीइतकेही नव्हते. इतकी वर्षे मी त्या पोराला मनातल्या मनात बेफिकीर म्हणत आलो होतो.

पत्नी आणि धाकटा जीपने पुढे, उतरायच्या ठिकाणी गेली. धाकटा फुगून बसला होता. आमच्या होडीत आठ जण आणि मागे गाईड. पुढे एक लहान होडी, तीत एकटा माणूस. कोणी पडला तर गाठायला. मी मधली जागा मागितली. मुलगी पुढे बसली.

सुरुवातीचे पाणी संथ होते आणि मला वाटले, एवढेच? मग वळणापलीकडून आवाज आला. रेल्वेच्या पुलावरून गाडी जाते तसा. नदीचा उतार वाढतो, पात्र अरुंद होते, तळाशी मोठे खडक असतात, तिथे पाणी उसळते. याला रॅपिड म्हणतात. त्यांना एक ते सहा अशा प्रती असतात. सहावी म्हणजे जवळजवळ अशक्य. कुंडलिकेतले दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीचे. कागदावर हे सोपे वाटते. गाईड ओरडला, "फॉरवर्ड!" आणि होडीचे नाक खाली गेले. समोर पांढऱ्याशिवाय काही दिसेना. थंडगार पाण्याची भिंत तोंडावर आदळली. मी वल्हे मारायचे सोडून दोर धरला होता, हे मुलीने नंतर सगळ्यांना सांगितले. ती मात्र वल्हे मारीत होती. दोरी धरून ओरडणाऱ्या बापाकडे तिने एकदाही वळून पाहिले नाही.

फेस दिसतो त्या पाण्यात हवा मिसळलेली असते, त्यामुळे ते माणसाला नेहमीच्या पाण्याइतके वर धरीत नाही, हे मला गाईडने सांगितले. खडकावरून पाणी पडून मागे फिरते तिथे होडीही अडकू शकते. म्हणून तो पाण्याची जीभ शोधत होता: दोन खडकांच्या मधून निघणारा, गुळगुळीत, पुढे निमुळता होत जाणारा पट्टा. तिसऱ्या-चौथ्या खळाळापर्यंत मलाही ती जीभ ओळखू येऊ लागली. माझी भीती गेली नाही. पण आता मी एका ठरावीक जागेला घाबरत होतो, अख्ख्या नदीला नाही.

एकदा पुढच्या होडीतला एक तरुण पडला. माझे हातपाय गार पडले. तो उताणा झाला, पाय पुढे. लहान होडीवाला त्याच्यापाशी गेला, आणि दोघांनी जॅकेटचे खांदे धरून त्याला वर ओढले. चहा पिऊन होणार नाही एवढ्या वेळात.

सुमारे बारा किलोमीटर आम्ही असे आलो. शेवटी खोल, संथ पाणी लागले. गाईड म्हणाला, "ज्यांना पाण्यात उतरायचं त्यांनी उतरा." मुलगी उडी मारून गेलीसुद्धा. मी होडीच्या कडेचा दोर धरून आधी एक पाय टाकला, मग दुसरा. गळ्यापर्यंत बुडालो आणि तिथेच थांबलो. जॅकेटने धरले. खाली पाय टेकत नव्हते. वयाच्या सेहेचाळीसाव्या वर्षी पायाखाली जमीन नसलेल्या पाण्यात मी पहिल्यांदा होतो. दोर मात्र सोडला नाही, खोटे कशाला सांगू. काठावरून धाकटा बोंबलत होता, "पप्पा, हात सोडा की!"

एक सांगतो. हे वाचून कोणी पावसाळ्यात पोरांना घेऊन धबधब्यावर जाऊ नये. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. मिनिटापूर्वी ते खडकावर उभे होते. तिथे जॅकेट नव्हते, दोर नव्हता, पाणी कधी वाढेल हे सांगणारे कोणी नव्हते. धरणाखालच्या नदीत, वरून पाणी सुटण्याच्या वेळी, कपडे धुवायला किंवा आंघोळीला उतरणे हेही तसलेच.

संध्याकाळी गावी परतलो. वडील पडवीत बसले होते. नातीने त्यांना सगळे साग्रसंगीत सांगितले, माझा दोर धरून बसण्याचा भाग दोनदा. ते ऐकत राहिले. मग मला विचारले, "खोल होतं?"

"होतं. पाय लागत नव्हते."

"आणि कोण कोण होतं होडीत?"

मी सांगितले. ठाण्याची मंडळी, पुण्याची मंडळी, सगळे अनोळखी. कोणी कोणाला काही विचारले नाही.

"बरं," ते म्हणाले आणि पान जुळवायला लागले. थोड्या वेळाने नातवाला म्हणाले, "तुला पण नेतील. चौदाचा हो."

जूनमध्ये मुंबईला आल्यावर मी महापालिकेच्या तरणतलावावर जाऊन शिकाऊंच्या वर्गाचे तीन फॉर्म आणले. मुलांचे दोन भरून झाले. तिसऱ्यावर डॉक्टरची सही व्हायची आहे. तिथल्या बाबूने वय पाहून विचारले, "साहेब, हा कोणासाठी?"