लैंगिक अत्याचारानंतरचे मनःस्वास्थ्य आणि स्वहस्ते अभ्यंग

चरकसंहितेत सूत्रस्थानी त्रिविध औषध वर्णिले आहे. त्यातील सत्त्वावजय म्हणजे अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह. लैंगिक अत्याचार सोसलेल्या रुग्णेस ‘झाले गेले विसर’ असे सांगणे हा त्याचा अर्थ आम्हांस मान्य नाही.

घटना ताजी असल्यास वैद्याने आपल्या औषधांत वेळ न दवडता तिला रुग्णालयात पाठवावे. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. गर्भनिरोधक गोळीही जितकी लवकर तितकी उपयुक्त. हे उपचार विनामूल्य मिळणे हा तिचा कायदेशीर हक्क आहे.

पुढे निद्रानाश, दचकणे, अग्निमांद्य ही लक्षणे दिसतात आणि वातप्रकोप जाणून आपण तत्काळ अभ्यंग-शिरोधारा योजतो. येथे थांबावे. शिरोधारेत डोळ्यांवर कापूस ठेवून निश्चल पडावे लागते, अंगास परका हात लागतो. तेवढ्यानेच भय पुन्हा जागे होऊ शकते. बस्तीचा तर आरंभी विचारही नको. (नाडी पाहण्यापूर्वीदेखील अनुमती घ्यावी.)

त्याऐवजी रात्री निजण्यापूर्वी कोमट तिळतेलाने तिने स्वतःच पादाभ्यंग करावा. दाराची कडी आतून तिनेच लावावी, नकोसे वाटताच थांबावे. स्वशरीरावरील स्वामित्व असे तळपायापासून परत येऊ लागते. भोजनाची व निद्रेची वेळ ठरलेली असावी. अश्वगंधा, ब्राह्मी प्रकृती पाहून द्याव्यात, परंतु मानसोपचारतज्ज्ञांची चालू औषधे बंद करू नयेत.

औषधी दुकानदारांनी झोपेचे औषध मागणाऱ्या स्त्रीस इतर गिऱ्हाइकांसमोर कारण विचारू नये. जीव नकोसा झाल्याचे बोलल्यास तिला एकटी न सोडता टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर तेथूनच दूरध्वनी लावून द्यावा.