नदीकाठचं जुनं गाव कसं पाहावं?

स्वित्झर्लंडमध्ये ऱ्हाईनच्या काठी श्टाइन आम ऱ्हाईन हे मध्ययुगीन गाव आहे. भिंतींवर चित्रं असलेली घरं पाहायला लोक तिथे जातात. त्या देशातला वाक्कर पुरस्कार १९७२ मध्ये पहिल्यांदा याच गावाला मिळाला. लक्षात घ्या, हा पुरस्कार एखाद्या इमारतीला नाही, अख्ख्या गावाला देतात.

आता याच नजरेनं आपलं जालना पाहू. कुंडलिकेच्या एका काठावर जुना जालना, दुसऱ्यावर कादराबाद. १५७८ ची काळी मशीद जमशेदखानानं बांधली, सोबत हमाम आणि सराई. मोती तलावही त्याचाच. तलावाचं पाणी जमिनीखालच्या नळांनी गावातल्या हौदांत येई. मस्तगड त्यानंतरचा, १७२५ चा.

म्हणजे तलाव, नळ आणि हौद ही एकच साखळी. नुसत्या मशिदीची डागडुजी केली आणि नळ रस्त्याखाली गाडले गेले, तर वास्तू उरेल, पण गाव पाणी कसं आणत होतं, हे पुढच्या पिढीला कळायचं नाही. जपायचं आहे ते हे नातं. म्हणून जुनं जालना पाहायचं तर सुरुवात मोती तलावापासून करावी, आणि पाण्याचा माग काढत कुंडलिकेपर्यंत यावं.