त्याच जागेवरून, पुन्हा एकदा

‘आमच्या लहानपणी इथे सगळं रान होतं,’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात ऐकायला मिळतं. गंमत अशी, की बोलणाऱ्याचे आजोबाही आपल्या लहानपणाबद्दल हेच सांगत असत. दोघांचंही खरं मानलं, तर त्या रानाला मध्ये कधीतरी पुन्हा वाढायला वेळ मिळाला असला पाहिजे. आठवणीची अशी उलटतपासणी घ्यायची, तर एकटा जुना फोटो पुरत नाही. त्याच जागी उभं राहून, त्याच दिशेला तोंड करून, शक्यतो त्याच ऋतूत काढलेला दुसरा फोटो लागतो. पुनर्छायाचित्रण म्हणतात ते हेच. १८८०च्या दशकाअखेरीस सेबास्टियन फिन्स्टरवाल्डर या बव्हेरियन गणितज्ञाने आल्प्समधल्या हिमनद्या फोटोंवरून मोजायला घेतल्या. या शास्त्राची सुरुवात बहुधा तिथूनच धरतात.

शहरांना ही हौस त्याआधीच लागली होती. बॅरन हौसमनने पॅरिस पाडून नव्याने बांधायला काढलं, तेव्हा पाडायच्या जुन्या गल्ल्या टिपण्याचं काम नगरपालिकेने शार्ल मार्व्हिलला दिलं. त्याने चारशेहून अधिक दृश्यं टिपली. ओली फरशी, मधोमध वाहणारं गटार, भिंतींवरच्या जाहिराती आणि बहुतेक ठिकाणी माणूस नाही. पुढे १८७०च्या दशकात त्याच्याकडूनच नव्या रुंद रस्त्यांचेही फोटो काढून घेतले गेले. जुनं किती कोंदट होतं आणि आम्ही किती ऐसपैस केलं, हे पालिकेला मिरवायचं होतं. आज त्याच गल्ल्यांचे फोटो पाहून लोक हळहळतात. फोटो तोच, निकाल मात्र उलटा.

मुंबईतही पाडापाडी झाली, ती १८६०च्या दशकातली. गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत किल्ल्याची तटबंदी उतरवली गेली. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी त्याआधीच, १८५४ मध्ये, स्थापन झाली होती. पण मुंबईचा खरा बदल एखाद्या इमारतीच्या फोटोत सापडायचा नाही. त्यासाठी मलबार हिलवर चढावं लागतं. तिथून दिसणारी बॅकबेची वळणदार किनार एकोणिसाव्या शतकापासून छायाचित्रकारांची आवडती. आधी माडांची दाटी आणि वाळू, मग समुद्र हटवून आलेला मरीन ड्राइव्ह आणि त्यामागची आर्ट डेको इमारतींची रांग, मग नरिमन पॉइंटचे मनोरे. आता टेकडी तीच असली, तरी तिच्या पोटातून कोस्टल रोडचा बोगदा जातो, आणि तो वरून काढलेल्या फोटोत दिसत नाही. प्रत्येक बदलाची नोंद कॅमेऱ्यात होतेच असं नाही.

जुन्या फोटोची नेमकी जागा शोधणं हे वाटतं त्यापेक्षा किचकट काम. जवळचा खडक आणि दूरचा सुळका एकमेकांना कुठे छेदतात ते पाहायचं. चार पावलं डावीकडे सरकलं, की खडक सुळक्यापासून सुटतो. सावल्यांवरून तास कळतो, कधी महिनाही. १९७७ मध्ये मार्क क्लेट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या पश्चिमेकडचे, शंभर वर्षांपूर्वीच्या सरकारी सर्वेक्षणांतले फोटो पुन्हा काढायला घेतले. जागेवर पोलरॉइडचा झटपट फोटो काढायचा, मूळ फोटोशेजारी ठेवून पट्टीने अंतरं मोजायची आणि तिवई सरकवायची, अशी त्यांची पद्धत. त्यात एक लबाडीही उघडी पडली. त्या सर्वेक्षणांतला छायाचित्रकार टिमथी ओसलिव्हन याने १८६९ मध्ये युटातले काही खडक टिपताना कॅमेरा चक्क तिरका धरला होता. खडक फोटोत झुकलेले होते, प्रत्यक्षात नव्हते. शंभर वर्षं कुणाला शंका आली नाही, कारण तिथे जाऊन पुन्हा उभं कुणी राहिलंच नव्हतं.

मला सगळ्यांत मोलाची वाटते ती इथिओपियाची गोष्ट, आणि तिचा एक धागा थेट मुंबईत येतो. सम्राट थिओडोरने ओलीस ठेवलेल्या युरोपीय लोकांना सोडवण्यासाठी ब्रिटिशांनी १८६७-६८ मध्ये ॲबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, स्वारी केली. सेनापती होता मुंबई लष्कराचा प्रमुख रॉबर्ट नेपियर. फौज, खेचरं, तोफा वाहायला हत्तीसुद्धा हिंदुस्थानातून समुद्रापार गेले. फौजेबरोबर रॉयल इंजिनिअर्सचे छायाचित्रकारही होते. किनाऱ्यापासून मगडालाच्या गडापर्यंतच्या वाटेवरचे डोंगर, दऱ्या, छावण्या त्यांनी टिपल्या. हेतू अर्थातच लष्करी.

एकशे चाळीस वर्षांनी बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाचा भूगोलतज्ज्ञ यान नायसन आणि त्याचे सहकारी ते फोटो घेऊन उत्तर इथिओपियात फिरले. एव्हाना इथिओपिया म्हटलं की १९८४चा दुष्काळ आणि उजाड माळ डोळ्यांपुढे येत. माणसं वाढली, झाडं तोडली, वाळवंट झालं, अशीच सर्वांची समजूत. फोटोंनी तिला छेद दिला. डोंगर १८६८ मध्येच उघडेबोडके होते. लोकसंख्या त्यानंतर कित्येक पटींनी वाढली, तरी आज त्याच उतारांवर झाडझाडोरा जास्त दिसतो. कारणं फोटोतच होती: उतारांवर घातलेले दगडी बांध आणि गुरांना बंदी करून राखलेली रानं. आपल्याकडच्या हिवरेबाजार गावच्या लोकांना हे समजावून सांगावं लागणार नाही. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी काय करते, हे त्यांनी स्वतःच्या डोंगरावर पाहिलंय.

कॅनडाच्या जास्पर राष्ट्रीय उद्यानात निकाल वेगळाच लागला. तिथे सर्वेक्षक ब्रिजलँडने १९१५ मध्ये काढलेले सातशेहून अधिक फोटो १९९०च्या दशकाअखेरीस पुन्हा काढले गेले. जिथे पूर्वी मोकळी कुरणं होती, तिथे दाट, एकसुरी जंगल माजलेलं. वणवे विझवत राहण्याचा हा परिणाम. म्हणजे झाडं वाढली, ही बातमी दर वेळी चांगलीच असते असंही नाही. हिमालयाबद्दल मात्र दुमत नाही. गिर्यारोहक मॅलरीने १९२१ मध्ये टिपलेली एव्हरेस्टच्या उत्तरेची रोंगबुक हिमनदी डेव्हिड ब्रेशिअर्सने २००७ मध्ये त्याच जागेवरून टिपली, तेव्हा बर्फाची पातळी शंभर मीटरच्या आसपास खचलेली होती. नेपाळच्या बाजूला इम्जा इथे १९५०च्या दशकातल्या फोटोंत हिमनदीवर नुसती डबकी दिसतात. आज तिथे मोठा तलाव आहे.

बागेचा हिशेब इतक्या वर्षांचा नसतो, पण शिस्त तीच. इंग्लंडमधली विख्यात उद्यानरचनाकार गर्ट्रूड जेकिल हिने १८८५ मध्ये कॅमेरा हाती घेतला आणि स्वतःच्या बागेचे ताटवे, वाटा, वेली वर्षानुवर्षं टिपल्या. तेही नजर फार अधू असताना. तिचे सहा अल्बम आज कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात आहेत.

आता थोडं कडू बोलतो. आपल्याकडे पाणलोट कामांच्या फलकांवर ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे फोटो लावलेले असतात. पुष्कळदा ‘आधी’ असतो मे महिन्यातला आणि ‘नंतर’ सप्टेंबरातला. सह्याद्रीच्या पूर्वेला पाऊस पडून गेला की न केलेलं कामसुद्धा हिरवं दिसतं. महिना, वर्ष आणि उभं राहण्याची जागा लिहिलेली नसेल, तर अशा जोडीवर विश्वास ठेवू नये.

स्वतः करायचं असेल तर खर्च जवळपास शून्य. गच्चीचा कोपरा, पुलाचा कठडा, देवळाची पायरी असं न हलणारं ठिकाण निवडा आणि तिथे रंगाचा ठिपका द्या. मोबाइलवर झूम अजिबात करू नका. चौकटीत पाण्याची टाकी, डोंगराची कड असं पुढेही टिकेल ते काहीतरी येऊ द्या. दरवर्षी त्याच आठवड्यात, त्याच वेळी फोटो काढा. फाइलच्या नावात तारीख आणि जागा लिहा, आणि एक छापील प्रत, मागे पेनाने तपशील लिहून, गावच्या वाचनालयात द्या, कारण फोन चार-पाच वर्षांत बदलतो. दिवाळीत घरी जाल तेव्हा पहिला फोटो काढा, आणि जुन्या अल्बममध्ये त्याच जागेचा एखादा सापडला तर तोही सोबत जोडा.