आधी यादी, मग प्रशिक्षण
कारभाराची शाळा : लेखांक ६

मागील लेखांकात सरकारी कर्मचाऱ्यांसाठीचे ऑनलाइन पाठ्यक्रम कसे असावेत, याचा विचार केला. पण पाठ्यक्रम कितीही उत्तम असला, तरी तो योग्य माणसाच्या हाती पडला नाही तर सगळा खटाटोप वाया जातो. तो योग्य माणसाकडे पोहोचवण्याचे काम नोंदणीचे असते. आपल्याकडे मात्र नोंदणी म्हणजे खालच्या टेबलावर उरकायची कारकुनी, असा समज घट्ट बसला आहे. हा समज चुकीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ऑनलाइन प्रशिक्षणाचे भवितव्य नोंदणीच्या यादीवरच ठरते. ती यादी आस्थापना शाखेत, पगाराच्या नोंदींतूनच तयार झाली पाहिजे. प्रशिक्षण जाहीर झाल्यावर धावपळीत गोळा केलेली नावे त्याला पुरत नाहीत.

सध्याच्या सर्वांत मोठ्या प्रयत्नाकडे पाहू. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२० रोजी ‘मिशन कर्मयोगी’ला मंजुरी दिली. सुमारे ४६ लाख केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांत ५१०.८६ कोटी रुपयांची तरतूद झाली. म्हणजे माणशी साधारण १,१०० रुपये. ‘आयगॉट कर्मयोगी’ हे व्यासपीठ चालवण्यासाठी ३१ जानेवारी २०२२ रोजी ‘कर्मयोगी भारत’ ही कंपनी स्थापन झाली. राज्यांचे कर्मचारीही त्यावर आले आणि २०२५मध्ये नोंदणी एक कोटीच्या पुढे गेली. एवढ्या मोठ्या देशात इतक्या लोकांना एका छताखाली आणणे ही साधी गोष्ट नव्हे. पण या योजनेचा गाभा संख्येत नाही. कर्मचाऱ्याला केवळ नियम शिकवण्याऐवजी तो ज्या पदावर बसला आहे, तिथल्या कामासाठी लागणारे कौशल्य द्यायचे, हे तिचे मूळ सूत्र आहे. मग अमुक कर्मचारी आज नेमका कोणत्या पदावर आहे, हेच यंत्रणेला ठाऊक नसेल, तर हे सूत्र कागदावरच राहणार. नावापुढे केवळ ‘लिपिक’ लिहिले असेल, तर तो आवक-जावक पाहतो, लेखा पाहतो की माहिती अधिकाराचे अर्ज हाताळतो, हे कळायला मार्ग नाही. तिघांनाही मग एकच पाठ्यक्रम जातो आणि तिघेही तो उरकून टाकतात.

नोंदणीतल्या चुकीची किंमत किती असते, हे महाराष्ट्रातल्या शिक्षकांना चांगले ठाऊक आहे. १२ वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ आणि २४ वर्षांच्या सेवेनंतर निवड वेतनश्रेणी मिळण्यासाठी त्यांना ठरावीक प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. २०२२मध्ये राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ते ऑनलाइन घेतले. शुल्क २,००० रुपये होते आणि ९० हजारांहून अधिक शिक्षकांनी नावे नोंदवली. कुणाचा ई-मेल चुकला, कुणी वरिष्ठऐवजी निवड श्रेणीचा पर्याय भरला, कुणाचा गट बदलला. शेवटी दुरुस्तीसाठी स्वतंत्र सोय द्यावी लागली. ई-मेलमधले एक अक्षर चुकले की पाठ्यक्रमात शिरण्याचा संदेशच मिळत नाही. पाठ्यक्रम नाही तर प्रमाणपत्र नाही आणि प्रमाणपत्र नाही तर वेतनश्रेणी अडली. यात शिक्षकांचा निष्काळजीपणा शोधणे अन्यायाचे आहे. सरकारकडे आधीच असलेली माहिती त्यांच्याकडून पुन्हा भरून घेतली, तिथेच चुकीला वाट मिळाली.

हेच कमीअधिक प्रमाणात सर्वत्र घडते. वरून पत्र येते : ‘सर्व कर्मचाऱ्यांची नोंदणी करून अहवाल तात्काळ सादर करावा.’ नोडल अधिकारी एक्सेलचा तक्ता फिरवतो. नाव, पदनाम, मोबाइल, ई-मेल असे रकाने असतात. सेवापुस्तकात एक नाव, आधारवर दुसरे स्पेलिंग. ज्यांना ई-मेल नाही त्यांच्यासाठी संगणक चालक तिथल्या तिथे खाते उघडून देतो. त्याचा पासवर्ड पुढे कुणाच्याच लक्षात राहत नाही. ओटीपी बंद पडलेल्या जुन्या क्रमांकावर जातो. मे-जूनमध्ये बदल्या होतात, माणूस नव्या कार्यालयात रुजू होतो, पण नोंदणीत तो जुन्याच कार्यालयात राहतो. नोडल अधिकाऱ्याचीच बदली झाली, तर तक्ता कुठे आहे हे सांगणाराही उरत नाही. अहवालात मात्र ‘१०० टक्के नोंदणी’ असते.

यावर उपाय आपल्या हाताशी आहे. सरकारी कार्यालयात दरमहा तपासली जाणारी एक यादी असतेच; ती वेतन देयकाची. राज्यात ‘सेवार्थ’ प्रणालीत कर्मचाऱ्याचा स्वतंत्र क्रमांक, पदनाम आणि कार्यालय यांची नोंद असते, आणि पगार तिच्यावरच निघत असल्याने चूक झाली तर पहिली तक्रार कर्मचारीच करतो. प्रशिक्षणाची नोंदणी या क्रमांकाला जोडली, तर रुजू होण्याची, बदलीची, पदोन्नतीची आणि निवृत्तीची नोंद आपोआप पुढे जाईल. पूर्ण केलेले पाठ्यक्रम व्यक्तीबरोबर जातील आणि नव्या पदासाठी लागणारे पाठ्यक्रम त्या पदाबरोबर येतील.

यावर पहिला आक्षेप असा की कंत्राटी कर्मचारी, अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या या यादीत नसतात. तो खरा आहे, आणि लोकांशी सर्वाधिक संबंध याच मंडळींचा येतो म्हणून गंभीरही आहे. पण त्यांच्याही मानधनाच्या याद्या दरमहा होतातच. ज्याला सरकार पैसे देते त्याचे नाव सरकारकडे असतेच; त्या याद्या जोडण्याचे कष्ट तेवढे घेतले पाहिजेत. दुसरा आक्षेप खासगीपणाचा. पगाराची माहिती प्रशिक्षणाच्या व्यासपीठाकडे का द्यावी? ती देऊच नये. क्रमांक, पद आणि कार्यालय एवढेच पुरे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ याच संयमाची अपेक्षा करतो. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे : यादी अचूक झाली म्हणून माणूस शिकतोच असे नाही, व्हिडिओ एका बाजूला चालू ठेवून दुसरीकडे फाइल हातावेगळी करणारे करणारच. हे मान्य करूनच मी यादीचा आग्रह धरतो. कारण असा कर्मचारी बऱ्याचदा त्याच्या कामाशी संबंध नसलेला पाठ्यक्रम उद्दिष्टापोटी उरकत असतो. जमिनीच्या फेरफारावर रोज सही करणाऱ्याला फेरफाराचाच पाठ मिळाला, तर तो कान देईल, याची शक्यता कितीतरी अधिक.

राष्ट्रीय प्रशिक्षण धोरणाने २०१२मध्ये वेतनावरील खर्चाच्या किमान अडीच टक्के रक्कम प्रशिक्षणासाठी राखावी, अशी शिफारस केली. पैशाची गरज निर्विवाद आहे. तरीही या घडीला माझी मागणी पैशाची नाही. प्रत्येक आस्थापना शाखेच्या कार्यविवरणात ‘प्रशिक्षण नोंदी अद्ययावत ठेवणे’ हे काम नाव घेऊन लिहावे, त्यासाठी कामाचा वेळ द्यावा आणि महिन्याच्या देयकाबरोबर या नोंदीचीही तपासणी व्हावी. वरच्या अहवालात नोंदणीची टक्केवारी मागण्याऐवजी किती पदांना त्यांच्या कामाचा पाठ्यक्रम मिळाला, हे विचारावे. प्रश्न बदलला की खालचे कामही बदलते.

पुढील लेखांकात ऑनलाइन परीक्षा आणि प्रमाणपत्रे खरोखर काय मोजतात, याचा विचार करू.